रजिस्ट्रारबाई, भाग क्रमांक चार

धाकटीचं लग्न एका पानावर अडलं आहे आणि ते पान इटालियनमध्ये करून द्यायचं आहे, असं कळल्यावर मॅन्युअलरावांना इतका आनंद झाला की त्यांनी आधी चष्मा पुसला, मग टेबल पुसलं आणि मग त्याच ओल्या फडक्याने पुन्हा चष्मा पुसला. वर्षानुवर्षं राखीव बसवून ठेवलेल्या खेळाडूला एकदम अंतिम सामन्यात उतरवावं तसं त्यांचं झालं होतं. एकच तर पान. संध्याकाळच्या चहाआधी हातावेगळं करतो, असं त्यांनी घरात जाहीर केलं. कुठल्या संध्याकाळच्या, हे नशिबाने सांगितलं नव्हतं.

मॅन्युअलराव हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. फरशा बनवणाऱ्या एका कारखान्यात ते नोकरीला होते. तिथली यंत्रं झाडून सगळी इटालियन, आणि यंत्रांबरोबर येणारी उशीएवढी मॅन्युअलं वाचून ती कामगारांना समजतील अशा भाषेत उतरवणं हे त्यांचं काम. त्यावरून कारखान्याने त्यांना हे नाव बहाल केलं आणि त्यांनीही ते पदवीसारखं लावून घेतलं. त्यांच्या इटालियनमध्ये प्रेम, विरह, चांदणं यांना एकही शब्द नव्हता, पण व्हॉल्व्ह किती प्रकारांनी गळू शकतो यावर ते अस्खलित बोलू शकत.

धाकटी म्हणजे त्यांची मेहुणी, सौ.ची पाठची बहीण. तिचं पहिलं लग्न कोर्टातून रीतसर मोडलं त्याला बरीच वर्षं लोटली होती. लोटली म्हणजे तिने ती एका डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटांची नावं लिहून घेत, एकटीने ढकलली होती. आणि आता ती पुन्हा लग्न करत होती, कारखान्यात भट्टी बसवायला आलेल्या इटालियन मेकॅनिकशी. या मेकॅनिकला पहिल्यांदा घरी जेवायला मॅन्युअलरावांनीच आणलं असल्यामुळे हे लग्न आपणच जमवलं असं ते सांगत सुटले होते. वास्तविक त्या जेवणात ते पाहुण्याशी फक्त भट्टीच्या तापमानावर बोलले. पण एक गोष्ट खरी की त्यांना जन्मात पहिल्यांदा साडू मिळणार होता, आणि तोही भट्टीतला तज्ज्ञ. माणसाला आणखी काय हवं असतं.

लग्न साडूच्या गावी, तिथल्या नगरपालिकेत लागायचं होतं. तारीख मिळाली होती. त्या तारखेनंतर लगेच कंपनी त्याला कुठल्याशा लांबच्या मुलखात नवा कारखाना उभारायला धाडणार होती. लग्न झालेलं असेल तर बायकोला बरोबर नेता येणार, नसेल तर तो एकटा जाणार आणि दोन वर्षांनी परतणार. धाकटीने दवाखान्याचा राजीनामा देऊन टाकला होता. आता फक्त पहिलं लग्न मोडल्याचा कोर्टाचा हुकूम तिकडच्या लोकांना वाचता येईल असा करून पाठवायचा, एवढंच उरलं होतं.

आपल्याकडचं कोर्ट इंग्रजी वळणाचं. तेव्हा हुकूम इंग्रजीत, आणि त्यावर अशा अशा पदांची माणसं की ती पदं मुळात कशासाठी काढली हे आता खुद्द इंग्रजांनाही आठवत नसेल. बेलिफाने नवऱ्याला समन्स पोचवलं, मास्टर नावाच्या अधिकाऱ्याने हुकूम दिला, हेडक्लार्कने त्याची नक्कल केली आणि रजिस्ट्रारने ती खरी असल्याचा शिक्का मारला. मॅन्युअलरावांनी मजकूर सपासप उरकला. ‘विवाह संपुष्टात आणला’ याला त्यांनी यंत्र खोलून सुटं करतात तो शब्द घातला, कारण तोच त्यांना येत होता. शेवटी हाताच्या सवयीने ‘सुटे भाग लहान मुलांपासून दूर ठेवावेत’ असंही लिहायला घेतलं होतं, पण धाकटीला मुलं नाहीत हे वेळेवर आठवलं.

घोडं पेंड खाऊ लागलं ते पदांपाशी. त्यांनी कोश उघडला. रजिस्ट्रारपुढे शब्द होता ‘कान्चेल्लिएरे’. हेडक्लार्क पाहिला, कान्चेल्लिएरे. मास्टर पाहिला तर तिथे लिहिलं होतं, कोर्टाचा एक अधिकारी, कान्चेल्लिएरे पाहा. एका बेलिफाला तेवढा स्वतंत्र शब्द होता. मॅन्युअलरावांना हा कोशकाराचा आळस वाटला. मग त्यांच्या लक्षात आलं की या भाषेत दीर, मेहुणा, भावोजी आणि साडू या सगळ्यांना मिळून लोक सर्रास एकच शब्द वापरतात. ज्यांना दीर आणि साडू यांत फरक करावासा वाटत नाही, त्यांना रजिस्ट्रार आणि क्लार्क यांचं काय पडलंय, असं म्हणून त्यांनी कोशकाराला माफ केलं, तिघांनाही कान्चेल्लिएरे करून टाकलं आणि पान साडूकडे पाठवून दिलं. चहाही वेळेवर झाला. सौ. कौतुकाने म्हणाल्या की इतकी वर्षं इटालियन शिकल्याचं आज सार्थक झालं. तेवढा चहा मात्र त्यांना गोड लागला.

उत्तर आलं ते साडूच्या फोनवरून. तिकडच्या नगरपालिकेत कागद तपासायला एक बाई होत्या, त्यांना काही शंका होत्या. बाईंचं म्हणणं असं की, या कागदावरून दिसतं ते असं की एका कान्चेल्लिएरेने हुकूम दिला, कान्चेल्लिएरेनेच त्याची नक्कल काढली आणि पुन्हा कान्चेल्लिएरेनेच ती खरी असल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्याकडे एकच माणूस निकाल देतो, तोच उतरवून घेतो आणि वर स्वतःलाच शाबासकी देतो की काय. असला एकखांबी न्याय आम्ही मानत नाही. तरी कागदावरच्या प्रत्येक अधिकाऱ्याचं काम नक्की काय आहे ते स्पष्ट लिहावं, ते बरोबर असल्याची खुद्द कोर्टाची संमती जोडावी, आणि तोवर वधू विवाहित समजली जाईल.

हे शेवटचं वाक्य भाषांतर करून सांगताना मॅन्युअलरावांचा आवाज खाली गेला. धाकटी समोरच बसली होती. सौ. म्हणाल्या, “एका संध्याकाळचं काम होतं ना?” आणि कपबशा उचलून आत गेल्या.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण मॅन्युअलराव स्वतःच ती जिन्यात थांबून थांबून सांगत होते. समोरच्या ब्लॉकातले निवृत्त ऑडिटर सल्ला द्यायला चपला न घालताच आले. त्यांच्या मते पदांच्या नावांना काडीचा अर्थ नसतो, खरा अर्थ खुर्चीला असतो. कुणाची खुर्ची हातांची, कुणाची उंच पाठीची, कुणाची गोल फिरणारी, एवढं लिहा, जगातला कुठलाही माणूस समजून जाईल की कोण कोणाच्या वर. तळमजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाई होत्या. मॅन्युअलराव सोडले तर इमारतीत इटालियन शब्द येणाऱ्या त्या एकट्याच, फक्त पियानोच्या स्वरलिपीवर छापलेले ते सगळे शब्द हळू, जोरात, आणखी जोरात आणि आता थांबा अशाच अर्थांचे होते. त्यांनी सुचवलं की प्रत्येक अधिकारी किती आवाजात बोलतो ते लिहावं. हे तेव्हा हसण्यावारी गेलं. पण पुढे कोर्टात गेल्यावर मॅन्युअलरावांना पटलं की कोर्ट न बघताही बाईंनी ते बरोबर ओळखलं होतं.

मॅन्युअलरावांची स्वतःची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. एखाद्या भागाला शब्द सापडेना की ते कोशाच्या नादी न लागता सरळ यंत्रापाशी जाऊन बसत आणि तो भाग करतो काय ते बघत. काम कळलं की नाव आपोआप सुचतं. आता कोर्ट म्हणजे तरी काय, यंत्रच. एका तोंडाने भांडण आत जातं, दुसऱ्या तोंडाने कागद बाहेर पडतो. तेव्हा त्यांनी रजा टाकली, ड्रॉइंगचा पॅड आणि पट्टी घेतली, इस्त्रीचा शर्ट चढवला, सवयीने गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र अडकवलं आणि कोर्टात शिरून भिंतीलगतच्या बाकावर ठाण मांडलं.

दाराशी एक उंच माणूस उभा असे. पक्षकारांची नावं पुकारणं आणि बोलणाऱ्यांना गप्प करणं हे त्याचं काम, त्याला तिथे अशर म्हणत. त्याच्यासमोर मायक्रोफोन होता, पण तो बंद असल्यामुळे त्याला घसा वापरावा लागे. या अशरने जांभई दिली आणि त्याच क्षणी बाकावरच्या इस्त्रीवाल्या माणसाने पॅडवर काहीतरी खरडलं, एवढं पुरलं. वरून माणूस आलाय, जागा कमी करणार आहेत, कोण काय करतं ते लिहून घेतोय, ही वार्ता अशरकडून हेडक्लार्ककडे, हेडक्लार्ककडून रजिस्ट्रारबाईंकडे आणि तिथून मास्टरसाहेबांच्या हिरव्या दाराआड पोचली. सगळ्यांची पाचावर धारण बसली.

त्या दिवशी ते कोर्ट जे चाललं, तसं स्थापनेपासून चाललं नसेल. हेडक्लार्क जेवायला उठले नाहीत. रजिस्ट्रारबाईंनी खिडकीत स्वतः येऊन लोकांना विचारलं की आपलं काही काम आहे का, आणि लोक घाबरून नाही म्हणाले. शिक्का काउंटरला दोरीने बांधलेला होता, तो इतका बडवला गेला की दोरी पिळवटून अर्धी झाली. बेलिफ समन्स घेऊन धावत गेले, धावत आले, पुन्हा धावत गेले. नंतर कळलं की हातात पोचवण्यासारखं दुसरं काही न उरल्यामुळे त्यांनी एकाच बिचाऱ्या माणसाला तेच समन्स तीनदा दिलं होतं. एका म्हाताऱ्या पक्षकाराला मागितल्याबरोबर तारीख मिळाली, तेव्हा तो बाकावर मटकन बसला आणि निवडणूक आली का म्हणून शेजाऱ्याला विचारू लागला.

मॅन्युअलराव हरखून गेले. इतकं तेल-पाणी केलेलं यंत्र त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. लोक उगाच कोर्टाच्या नावाने बोटं मोडतात, असं घरी येऊन त्यांनी सौ.ना सांगितलं, आणि लगेच बैठक मारून त्यांनी आयुष्यातलं सर्वोत्तम रेखाचित्र काढलं. मॅन्युअलात यंत्र उलगडून, एकेक भाग हवेत सुटा लटकवून दाखवतात आणि प्रत्येकाला क्रमांक देतात, अगदी तसं. प्रत्येकाखाली इटालियनमध्ये त्याचं काम. बेलिफ, भाग क्रमांक एक. मास्टर दोन, हेडक्लार्क तीन, रजिस्ट्रारबाई चार. यंत्रशास्त्राला धरून होतं सगळं, जो भाग आधी बसतो त्याचा क्रमांक आधी.

संमतीची सही घ्यायला ते चित्र घेऊन रजिस्ट्रारबाईंच्या खोलीत गेले आणि येण्याचं कारण सांगितलं. बाईंनी ते दोनदा सांगायला लावलं.

“म्हणजे तुम्ही तपासणीला आला नाहीत?”

“छे हो. मेहुणीचं लग्न आहे.”

खोलीत सुटकेचा असा काही निःश्वास सुटला की टेबलावरचे कागद हलले. हेडक्लार्क तिथेच उभे होते, ते बाहेर गेले आणि आदल्या दिवशी निकाली काढलेल्या फायली पुन्हा मूळ जागी ठेवून जेवायला बसले. इतकं सगळं बरं होतं. पण मग बाईंनी चित्र पाहिलं.

चौथा क्रमांक पाहून त्यांचा चेहराच बदलला. मॅन्युअलरावांनी समजूत घातली की चौथा म्हणजे कमी असं नव्हे, उलट तो शेवटी बसवायचा भाग, तो वरून घट्ट बसला म्हणजे आतलं काही निखळत नाही. मॅन्युअलरावांच्या जगात एखाद्या भागाची यापेक्षा मोठी स्तुती होऊ शकत नाही. बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं आणि थंडपणे म्हणाल्या, “म्हणजे मी झाकण.”

मग जे मानपान सुरू झालं त्यापुढे वरपक्ष परवडला. पहिला क्रमांक आपल्याला मिळाल्याचं कळताच बेलिफ कोर्टात पहिल्यांदाच खुर्चीवर बसले आणि उठेनात. हेडक्लार्कला या गोष्टीच्या मिरच्या झोंबल्या. मास्टरसाहेबांनी हिरव्या दाराआडून निरोप धाडला की आपल्याला क्रमांकच नको, आपण क्रमांकांच्या वर आहोत. मॅन्युअलरावांनी नवीन चित्र काढलं, त्यात रजिस्ट्रारबाई एक नंबर. यावर हेडक्लार्कने बोट ठेवलं की आता नक्कल काढण्याआधीच ती खरी ठरते आहे. मग मॅन्युअलरावांनी डोकं लढवून सगळ्यांना गोलात बसवलं, केंद्रापासून सारख्याच अंतरावर. हे सगळ्यांना पटलं, फक्त प्रत्येकाने विचारलं की मध्ये कोण. मध्ये जागा रिकामी दिसत होती म्हणून मॅन्युअलरावांनी तिथे अशरला टाकला होता, ज्याचा मूळ कागदावर उल्लेखही नव्हता. अशर इतका खूष झाला की त्याने ते चित्र बाहेरच्या पक्षकारांना दाखवलं. बाकीचे सगळे एका दिवसात एकमेकांचे मित्र झाले आणि मॅन्युअलरावांचे शत्रू.

शेवटी रजिस्ट्रारबाईंनी निर्णय दिला. आपापल्या पदाचं वर्णन काय व्हावं यावर कर्मचाऱ्यांचं एकमत होईपर्यंत संमती देता येणार नाही. हा विषय पुढच्या महिन्याच्या सभेत घेऊ. धाकटीच्या लग्नाची तारीख त्या सभेच्या आधी पडत होती.

मॅन्युअलराव घरी आले ते तडक पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात, असं सौ. स्वयंपाकघरातून म्हणाल्या. मॅन्युअलरावांनी भिंतीला सांगितलं की त्यांनी आजवर शेकडो भागांना नावं दिली, पण एका व्हॉल्व्हने कधी विचारलं नाही की मी गॅस्केटच्या खाली का. माणसांचं भाषांतर यापुढे बंद. ऑडिटर दारातून डोकावून, मी खुर्च्या मोजा म्हटलं होतं, एवढंच बोलून परत गेले. खालून पियानोचे सूर येत होते, त्यातले बहुतेक आणखी जोरात या प्रकारातले होते.

संध्याकाळी धाकटी आली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. साडूशी फोन झाला होता. तो म्हणाला होता की दोन वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे, मी थांबेन. त्याचं हे चांगलं वागणंच तिला सोसवत नव्हतं. मॅन्युअलराव उठून बसले. आपल्यामुळे हे झालं, असं त्यांना तोंडाने म्हणायचं होतं, पण शब्द जुळेनात, म्हणून त्यांनी तिच्यापुढे चित्रांची चळत सरकवली. तिने ती एकेक करून नीट पाहिली. गोलाचं चित्र पाहताना तर तिला थोडं हसूही आलं. मग तिने विचारलं,

“भावोजी, यात मी कुठे आहे?”

मॅन्युअलराव गोंधळले. तू यात कशी असशील, ते म्हणाले, तू भाग नाहीस. यंत्रातून जे तयार होऊन बाहेर पडतं, ते म्हणजे तू.

“म्हणजे फरशी.”

“हो,” मॅन्युअलरावांनी कबूल केलं. दुसरा शब्द त्यांना सुचेना.

धाकटीने चित्रांची चळत नीट लावून ठेवली. “मग उद्या फरशीच जाऊन बोलते त्यांच्याशी,” ती म्हणाली. “तुम्ही बरोबर चला, पण पट्टी आणू नका.”

दुसऱ्या दिवशी कोर्टात शिरताना मॅन्युअलराव तिच्या मागे, जवळजवळ लपून चालत होते. धाकटी कोणाच्या खोलीत गेली नाही. काउंटरपाशी उभी राहिली आणि बेलिफांना नमस्कार करून, पेशंटला विचारावं इतक्या साधेपणाने म्हणाली, “माझ्या कागदावर तुमचं नाव आहे. माझ्यासाठी तुम्ही काय केलंत, तेवढं सांगाल?”

तुमचं पद काय, हे तिने विचारलंच नाही. बेलिफ उत्तराच्या तयारीने उभे राहिले होते, त्यांनी छाती भरून श्वासही घेतला होता, तो तसाच राहिला. त्यांनी कागद हातात घेतला, पत्ता वाचला आणि त्यांना घर आठवलं. ते गृहस्थ दार उघडत नव्हते, ते म्हणाले. आत दिवा होता, पण उघडत नव्हते. कागद हातात दिल्याशिवाय केस पुढे सरकली नसती. मग मी जिन्यात बसून राहिलो, कधी तरी बाहेर पडतीलच म्हणून. बराच वेळ बसलो. एवढंच, दुसरं काही नाही.

धाकटीला हे ठाऊक नव्हतं. तिने काउंटरची कड धरली. ते पाहून हेडक्लार्क आपण होऊन पुढे आले आणि म्हणाले की आपण फक्त उतरवून घेतलं, एका ठिकाणी शाई फुटली होती म्हणून पान पुन्हा लिहिलं. आवाज ऐकून हिरवं दार उघडलं आणि मास्टरसाहेब बाहेर आले. त्यांना सगळी प्रकरणं आठवत नसतात, असं त्यांनी आधी सांगून टाकलं. पण कागद वाचून म्हणाले, “दोन्ही बाजू ऐकल्या आणि मला वाटलं, या बाईंनी पुष्कळ सोसलं, आता पुरे.” क्रमांकाचा विषय त्यांनीही काढला नाही.

अशर दाराशीच उभा होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, कागदावर त्याचं नावही नव्हतं. धाकटी त्याच्याकडे वळली, तशी एवढा उंच माणूस खाली बघायला लागला. “मी तुमचं नाव हळू घेतलं होतं,” तो म्हणाला. “घटस्फोटाच्या केसला मी हळूच घेतो. लोक वळून बघतात हो.”

मॅन्युअलराव हे सगळं भराभर लिहून घेत होते. पट्टी नव्हती, त्यामुळे ओळी वाकड्या जात होत्या. आपण याच बाकावर दिवसभर बसलो आणि यातलं काहीच आपल्याला दिसलं नाही, याची त्यांना लाज वाटत होती, आणि त्याच वेळी अंगावर काटा येऊन आनंदही होत होता, कारण आता भाषांतर कसं करायचं ते त्यांना लख्ख कळलं होतं. पदं आहेत तशीच इंग्रजीत ठेवायची, त्यांना हात लावायचा नाही. प्रत्येकाखाली फक्त एक ओळ, या बाईंच्या कामात या माणसाने काय केलं. क्रमांक नाही, खालीवर नाही.

राहिल्या रजिस्ट्रारबाई. त्या आपल्या खोलीच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. धाकटीने तोच प्रश्न त्यांनाही विचारला. बाई म्हणाल्या, “मी तारीख घातली आणि शिक्का मारला. त्या दिवसापासून तुम्ही मोकळ्या.” मग मॅन्युअलरावांकडे पाहून म्हणाल्या, “हे लिहा. झाकण लिहू नका.”

संमतीचा कागद तिथल्या तिथे झाला. सगळ्यांनी आपापली ओळ वाचून मान डोलावली. बेलिफांनी तर जिन्यात बसल्याचं कशाला लिहिता, ते काय काम आहे का, असं म्हणून पाहिलं, पण रजिस्ट्रारबाईंनी ते खोडू दिलं नाही. मूळ कागदावर ज्याचं पदच नाही त्याच्याखाली ओळ लिहिता येत नाही, म्हणून अशर वगळला जात होता. तेव्हा बाईंनी संमतीपत्रात शेवटी स्वतःच्या हाताने एक वाक्य वाढवलं की पक्षकाराचं नाव पुकारण्यात आलं होतं, आणि ते सौजन्याने पुकारण्यात आलं होतं. दोरी आखूड झाल्यामुळे शिक्का टेबलापर्यंत येईना, मग सगळे मिळून कागद घेऊन शिक्क्यापाशी गेले.

तिकडच्या नगरपालिकेतल्या बाईंचं उत्तर आलं. कागद मान्य. खाली त्यांनी एक चौकशी केली होती, की जिन्यात बसलेल्या त्या गृहस्थांनी मध्ये काही खाल्लं होतं का. मॅन्युअलरावांनी ही चौकशी मुद्दाम कोर्टात जाऊन बेलिफांना कळवली. बेलिफांनी ती पुन्हा एकदा सांगायला लावली.

लग्नाला मॅन्युअलराव आणि सौ. दोघंही गेले. गेले म्हणजे मॅन्युअलरावांना नेणं भागच होतं, कारण वधूला भाषा पुरेशी येत नसेल तर दुभाषा हवा असा तिथला नियम. नगरपालिकेच्या दालनात उंच खिडक्या होत्या, खुर्च्यांच्या रांगा होत्या, आणि त्या सगळ्या साडूच्या नातेवाइकांनी भरल्या होत्या. साडूची आई पहिल्या रांगेत रुमाल तयार ठेवून बसली होती. मॅन्युअलरावांना शपथ दिली गेली. नवा कोट त्यांना काखेत काचत होता. आपण आज या दालनातला सर्वांत महत्त्वाचा माणूस आहोत याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती, आणि असला तर दुसरा नवरामुलगा असेल.

अधिकाऱ्यांनी कायद्याची कलमं वाचली, मॅन्युअलरावांनी ती घडाघडा उतरवली, एका ठिकाणी फक्त ‘पती-पत्नी’ऐवजी ‘दोन्ही भाग’ असं तोंडातून निसटलं. मग अधिकाऱ्यांनी धाकटीकडे पाहून मुख्य प्रश्न विचारला. तेवढं इटालियन तिला केव्हाच येत होतं, ती लगेच उत्तर द्यायला निघाली होती, पण अधिकाऱ्यांनी हात वर केला. त्यांनी समजावलं की वधूने स्वतःच्या भाषेत उत्तर द्यावं आणि ते दुभाष्याने इटालियनमध्ये सांगावं, तरच ते धरलं जाईल.

मॅन्युअलरावांनी तिला प्रश्न आपल्या भाषेत सांगितला. याच्याशी लग्न करायला तू तयार आहेस का. धाकटीने त्यांच्याकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं.

“हो, भावोजी,” ती म्हणाली.

आता एका अक्षराचं काम होतं. ‘सी’, म्हणजे हो, एवढं म्हटलं की संपलं. मॅन्युअलरावांनी तोंड उघडलं आणि गळ्यातून काही येईना. ते पुन्हा प्रयत्न करू लागले, पुन्हा येईना. चष्मा धुरकट झाला, समोरचे अधिकारी दिसेनासे झाले. साडू बिचारा एकदा धाकटीकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होता, त्याच्या आईचा रुमाल हवेत थांबला होता, आणि भरलं दालन एका माणसाच्या गळ्याकडे डोळे लावून बसलं होतं.

मागून सौ.नी कोट ओढला. “अहो, म्हणा ना,” त्या कुजबुजल्या, “तिचं लग्न खोळंबलंय.”

मॅन्युअलरावांनी म्हटलं.